बजेट मोजकं असताना बिऱ्हाड कुठे हलवावं?

जागा शोधायला निघालं की घरातला कमावता माणूस आपलं ऑफिस मध्यभागी ठेवतो आणि तिथून हिशेब मांडतो. मी सुरुवात दुसरीकडून करायला सांगेन. घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात कमी हिंडताफिरता येतं, त्याचा दिवस आधी मांडा. आमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत आणि एकटीने बसमध्ये चढणं जमत नाही. मी आणि, रात्रपाळी नसेल तेव्हा, नवरा सकाळी बाहेर पडतो ते दिवेलागणीलाच परततो. वस्ती चांगली की वाईट, हे दिवसभर भोगायचं असतं त्यांना आणि दुपारी शाळेतून येणाऱ्या लेकीला.

म्हणून पहिलं काम कागदाचं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक कागद घ्या आणि उठल्यापासून झोपेपर्यंत तो माणूस कुठे जातो, कशाने जातो, कोणाला सोबत घ्यावं लागतं, ते लिहा. मग प्रत्येक फेरीपुढे 'रोज', 'आठवड्याला' किंवा 'कधीतरी' असं लिहा. रोजच्या गोष्टी पायी जाण्याच्या अंतरात हव्यात: शाळा, दूध-भाजी, औषधांचं दुकान, बसथांबा. आठवड्याच्या गोष्टी एका वाहनाने जमल्या तरी चालतं. वर्षातून एकदा लागणारे तज्ज्ञ डॉक्टर लांब असले तरी बिघडत नाही, पण रात्री-अपरात्री गाठता येईल असा दवाखाना लांब असून भागत नाही. हे सगळं लिहून काढलं की आपण कशासाठी जादा भाडं देणार आहोत ते स्पष्ट दिसतं.

भाड्याचा आकडा अपुरा असतो

मी एका छोट्या कार्यालयात खाती लिहिते, त्यामुळे या भागात जरा रेंगाळणार आहे. घरावर उत्पन्नाच्या 30 टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, हे तुम्हीही ऐकलं असेल. हा आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या धोरणातून रूढ झाला. तिथे भाडेकरूने द्यायच्या भाड्याला 1969 मध्ये उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 टक्के झाली. म्हणजे तो भाड्याचा नियम होता, घरातून कामावर जाण्यायेण्याचा खर्च त्यात कुठेच नव्हता. शिकागोच्या 'सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी' या संस्थेने घर आणि प्रवास एकत्र धरून मोजायची पद्धत लोकांपुढे ठेवली आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांची मर्यादा सुचवली. मला ही मोजणी जास्त प्रामाणिक वाटते.

महिन्याचं उत्पन्न 100 धरा. एका घराचं भाडं 30 आणि सगळ्यांच्या प्रवासाला मिळून 8, एकूण 38. दुसरं घर लांब, भाडं फक्त 22, पण दोघांचा प्रवास, मुलीची स्कूल बस आणि उशीर झाला की करावी लागणारी टॅक्सी धरून 19. एकूण 41. स्वस्त म्हणून घेतलेलं घरच महाग पडलं. यात अजून देखभाल खर्च, पाणी, वीज, एजंटची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च मिळवायचा आहे. एकदाच होणारे खर्च मी 24 महिन्यांत वाटून दर महिन्याच्या रकान्यात टाकते. अनामत रक्कम परत मिळते खरी, पण तोवर ती आपल्या हाताशी नसते, हेही ध्यानात घ्या. सगळं देऊन झाल्यावर तीन महिन्यांचा पूर्ण घरखर्च शिल्लक उरत नसेल, तर ते घर तुमच्या बजेटबाहेरचं आहे. भाडं कितीही कमी दिसो.

वेळेचाही रकाना करा. रोजच्या प्रवासात एक तास वाढला, तर वर्षाला 240 कामाचे दिवस धरून 240 तास होतात, म्हणजे आठ-आठ तासांचे 30 दिवस. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, लांबचा प्रवास करणारी माणसं एकंदर आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळली. स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळून त्या त्रासाची भरपाई व्हायला हवी होती, ती पुरती होत नव्हती. माझा नवरा पाळ्यांमध्ये काम करतो. रात्रपाळी संपवून येणाऱ्या माणसाला तो वाढीव तास किती जड जातो, हे मी रोज बघते.

मुलांचं वय बघा

अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात 'मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी' नावाचा एक मोठा सरकारी प्रयोग झाला. बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या साडेचार हजारांहून जास्त गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. मोठ्या माणसांच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. पण राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी पुढे मुलांची मिळकत तपासली. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांनी खरोखर वस्ती बदलली, त्यांची पंचविशीच्या आसपासची कमाई जवळजवळ 31 टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना असा फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. हा निष्कर्ष त्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला.

एका देशातला हा प्रयोग जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मूल लहान असेल तर चांगल्या वस्तीसाठी एक खोली कमी घेणं मला पटतं, आणि शाळेची शेवटची वर्षं चालू असतील तर मुलाला उपटून नेणं पटत नाही. माझ्या भावाने भाच्याची शाळा संपेपर्यंत जुन्याच जागी कळ काढली. वहिनीला ते दिवस कठीण गेले, तरी निर्णय योग्यच होता असं मी अजूनही म्हणते.

वस्ती निवडणं आणि पारखणं

नकाशावर अंतर मोजू नका, वेळ मोजा, तीही सकाळच्या गर्दीतली. अशा हिशेबाने दोन-तीन वस्त्या निवडा, जास्त नकोत. नावाजलेल्या वस्तीच्या एक थांबा पलीकडे हमखास बघा. तिथे वेळ थोडाच वाढतो, भाडं मात्र बरंच उतरलेलं असू शकतं. आणि 'इथून मेट्रो जाणार आहे', 'पुढच्या वर्षी पूल होणार आहे' असं कोणी सांगितलं तर आज जे उभं आहे तेवढ्याचेच पैसे द्या.

जागा बघायला सुटीच्या दिवशी दुपारी जाऊ नका, तेव्हा कुठलीही वस्ती शांत वाटते. कामाच्या दिवशी सकाळी जा, तिथून ऑफिसपर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून बघा. रात्री दहाच्या सुमारास पुन्हा जा: दिवे लागतात का, बाया एकट्या चालताना दिसतात का, कुत्री किती आहेत. जमलंच तर मोठा पाऊस पडून गेल्यावर जा.

'इथे काही त्रास आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येतं. नेमकं विचारा. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत चढलं होतं? या खोलीतलं आधीचं बिऱ्हाड का गेलं? घरमालकापेक्षा औषधांच्या दुकानात, स्कूल बसच्या चालकाकडे आणि वॉचमनकडे खरी माहिती असते. घरातही पाणी शिरल्याच्या खुणांसाठी डोळे उघडे ठेवा: दाराच्या खालच्या कडेचं लाकूड फुगलंय का, भिंतीचा फक्त खालचा भाग नव्याने रंगवलाय का, विजेचे मीटर हात पोचणार नाही इतके उंच का बसवलेत? पुराच्या बाबतीत 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. त्यांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं राहिलात तर निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता 26 टक्क्यांवर जाते. तळमजला घेताना हा आकडा लक्षात असू द्या.

नवं शहर असेल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. विकत घेतल्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत, आणि कर्जाचा दर बदलता असेल तर हप्ता ताणला जातो. वीस वर्षांच्या कर्जावर दर सुरुवातीलाच 8 वरून 9 टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. वाढलेला हप्ता झेपतो का, हे आधीच तपासा.

शेवटी ठरवायचं कसं?

कित्येक जण प्रत्येक जागेला गुण देऊन बेरीज करतात. मला ते मान्य नाही. खोल्यांना 9 आणि जिन्याला 1 गुण दिला की सरासरी 5 येते, पण जिना तसाच राहतो. आम्ही घरातल्या प्रत्येकाला नकाराचा अधिकार दिला, लेकीलासुद्धा. सासूबाईंनी लिफ्ट नसलेला तिसरा मजला नाकारला, ते अपेक्षितच होतं. पण एक प्रशस्त तळमजलाही त्यांनी नाकारला, कारण आसपास म्हाताऱ्या माणसाला टेकायला एकही बाक नव्हता. 'मी बाहेर पडून बसणार कुठे?' असं त्यांनी विचारलं. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि आम्ही ती जागा सोडली.

नकारातून जे उरेल त्यात तडजोड करायची ती घराच्या आतल्या गोष्टींत: जुनी फरशी, अरुंद स्वयंपाकघर, एक खोली कमी. पुढे हात मोकळा झाला की त्याच वस्तीत मोठं घर बघता येतं, शाळा आणि डॉक्टर न बदलता. बाहेरच्या गोष्टी, म्हणजे रस्ता, पाणी, शाळा, सोबत, आपल्याला बदलता येत नाहीत.

आणि क्रम पाळा. शाळेचा प्रवेश पक्का झाल्याचा कागद हातात आल्यावरच अनामत द्या. करार सही करण्यापूर्वी घरी आणून वाचा. त्यात किती महिन्यांची नोटीस, भाडं केव्हा आणि किती वाढणार आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. जुन्या आणि नव्या घराचा ताबा आठवडाभर तरी एकत्र राहील असं बघा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची खोली लावून झाल्यावर त्यांना नेता येतं.