टेबलं हलली की पंखेही हलवा

वेंगुर्ल्याच्या आमच्या काजूच्या शेडमध्ये एप्रिलात टेबलं सरकवून आंब्याच्या पेट्या भरतो. छताचे पंखे रिकाम्या जागेवर फिरायचे, बायका घामाने निथळायच्या. म्हणून चाकांच्या स्टँडवरचे पंखे घेतले.

मांडणी बदलली की टरफलांपासून लांब उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पूर्वेला उंचावर हवा. पंख्याचा झोत वाऱ्याच्याच दिशेने ठेवा. दमट हवेत घाम सुकायला अंगावरून वारा वाहायलाच हवा. मात्र काजू सोलतात तिथे थेट झोत नको, साल उडून गरात मिसळते. रात्रपाळीला मतलई वारा जमिनीकडून येतो, तेव्हा एक्झॉस्ट बंद करून पंख्यांची तोंडं फिरवा. खाऱ्या हवेने जाळी गंजते. प्लग काढून वरचेवर पुसा.