एक लाख युनिट्स टोचली काय?

फोंड्याहून पणजीला रात्रपाळीला जायला लागले तेव्हा किडन्या दोन असतात, एवढंच मला ठाऊक होतं. बी.कॉम. झालेलं, टायपिंग बरं, आणि अमेरिकन दवाखान्यांची बिलं करणाऱ्या ऑफिसात जागा निघालेली. दुसऱ्या आठवड्यात नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे किडनीच्या आजारांच्या, टीममध्ये टाकलं.

इथे सगळा घोळ युनिटचा. रक्त वाढावं म्हणून इपोएटिन अल्फा देतात. रुग्ण डायलिसिसवर असेल तर बिलावर औषधाचा कोड क्यू ४०८१, त्यापुढे लिहिलेला १ म्हणजे औषधाची १०० युनिट्स. नसेल तर जे ०८८५, तिथे १ म्हणजे १,०००. औषध तेच. बांगडे नगावर की वाट्यावर हे न विचारता भाव सांगायचा, तसली गत! मी १०,०००च्या डोसला जे ०८८५ लावून पुढे १०० लिहिले. हवे होते १०. क्लेम, म्हणजे विम्याकडे जाणारं बिल, जायच्या आधी ऑडिटच्या बाईंनी धरलं. ‘अगो, एक लाख युनिट्स टोचली काय त्याला?’

जास्तीचं बिल कोणीतरी पकडतं. कमीचं लपून राहतं. आयर्न सुक्रोज, म्हणजे लोहाचं इंजेक्शन, त्याचा कोड जे १७५६ मिलिग्रॅमवर चालतो. ५ मिलीच्या व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) १०० मिलिग्रॅम, म्हणजे १००. नवीन मुलं मिली बघून ५ लिहितात, नाहीतर व्हायल मोजून १. पैसे थोडे येतात, ओरडत कोणीच नाही.

डायलिसिस सेंटरला २०११ पासून मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, ही इंजेक्शनं धरून एकच ठरावीक दर देतं. मग औषधाची ओळ लिहायची कशाला? फार खर्चिक रुग्णामागे जी वाढीव रक्कम मिळते, तिचा हिशेब त्या ओळींवरूनच होतो.

क्लिनिकच्या बिलात आणखी एक भानगड. डार्बेपोएटिन, म्हणजे रक्त वाढवायचंच दुसरं औषध, त्याची ६० मायक्रोग्रॅमची सिंगल-डोस व्हायल फोडली, ४५ दिले, तर उरलेले १५ वेगळ्या ओळीत, कोडला जेडब्ल्यू ही ‘फेकलं’ सांगणारी खूण लावून. काहीच फुकट गेलं नसेल तर जेझेड. १ जुलै २०२३ पासून ते सक्तीचं. मल्टि-डोस व्हायलला यातलं काही नको.

नर्सने फेकलेलं औषध नोंदवलंच नसेल तर अंदाजाने १५ टाकू नका. क्लिनिकला क्वेरी पाठवा, क्लेम होल्डवर ठेवा. उत्तर येईपर्यंत आपल्याकडे पहाट होते. मी तोवर ऑफिसच्या गाडीत, बाणस्तारीच्या पुलावर, डोकं काचेला टेकून झोपलेली असते.