हातात पुस्तक धरता येत नाही? अभ्यास लावून देताना या चुका टाळा

मणक्याला इजा झालेली, सेरेब्रल पाल्सी असलेली, स्नायूंच्या आजाराने हात उचलता न येणारी मुलं. त्यांच्या घरी मी अभ्यासाची सोय लावून द्यायला जाते. चुका घरोघरी त्याच.

सगळ्यात छळणारी चूक: मिळेल ती पीडीएफ मोबाइलला वाचायला लावणं. एका मुलाला क्लासने स्पर्धा परीक्षेच्या नोट्स पाठवल्या. स्क्रीनवर मराठी स्वच्छ दिसत होतं, पण मोबाइल इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बरळत होता. घरच्यांनी ॲप बदललं, शेवटी मोबाइलच नवा घेतला. मुलगा महिनाभर अभ्यासाविना. मी एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट केली, तर नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ! फॉन्ट जुना होता, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांत, नव्हताच. पानांचे स्क्रीनशॉट काढले, गूगल ड्राइव्हवर चढवले आणि कॉम्प्युटरवर गूगल डॉक्समध्ये उघडले, तेव्हा वाचता येण्याजोगा मजकूर हाती आला. जोडाक्षरं आणि सनावळ्या मूळ पानाशी ताडून बघाच. कॉपी-पेस्ट करून पाहिल्याशिवाय मी कुठल्याच फाइलला हात लावत नाही.

टॅबलेट उशीवर टेकवू नका. मान खाली घालून किती वेळ वाचणार? मान भरून येते, आणि घरचे म्हणतात, ‘याला अभ्यासाचा कंटाळाच आहे.’ स्टँड पलंगाला घट्ट आवळा, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा. तोंडात काठी धरून टॅप करणाऱ्याचा स्टँड डुगडुगला, तर ताण दातांवर येतो.

पान उलटायला माणूस बसवू नका. मागे कधी जायचं, कुठे थांबायचं, हे वाचणाऱ्यानेच ठरवायला हवं. पाय हलत असेल तर वादक वापरतात ते ब्लूटूथ पेडल लावा. मान हलत असेल तर डोक्याशी एक मोठं बटण आणि मोबाइलमधला स्विच ॲक्सेस, म्हणजे स्क्रीनला हात न लावता बटणाने मोबाइल चालवायची सोय. तो शिकायला आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पाच ॲप टाकून ‘जमत नाही याला’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

‘सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय फक्त अंधांसाठी’ हाही गैरसमज. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात पुस्तक धरता न येणारेही येतात, आणि २०१४ मध्ये तो सर्वांत आधी मान्य केला भारताने.

परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जादाही मिळतात, पण सराव कुणी करत नाही. गणिताच्या पायऱ्या तोंडी सांगून लिहून घेणं घरीच सुरू करा, आधी कंस आणि अपूर्णांक.