आगीतून फुफाट्यात : हँगरच्या धुरात सापडलेलं छोटं विमान आणि टाळायच्या चुका

हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, एका कोपऱ्यात बॅटरी चार्जरपाशी आग लागते, विझते, आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या सेस्ना १७२वर नुसता काळा थर उरतो. ‘देवाची कृपा, विमान वाचलं,’ म्हणत कोणीतरी नळाला पाइप जोडतं. पुढचं बरंचसं नुकसान त्या पाइपातून येतं.

आधी विचारा, जळालं काय? वायरींची पीव्हीसी आवरणं जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो काजळीबरोबर पत्र्यावर बसतो आणि ओल मिळाली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. सेस्नाचा पत्रा बहुतेक ठिकाणी १ मिलिमीटरपेक्षाही पातळ, २०२४ या मिश्रधातूचा. त्यात सुमारे ४ टक्के तांबं असतं. ताकद त्या तांब्यामुळे येते आणि गंजाची खोडही त्याच्यामुळेच. वर शुद्ध ॲल्युमिनियमचा संरक्षक थर असतो खरा, पण पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या, भोकांच्या कडांना तो नसतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात लोणचं का मुरवत नाहीत, हे घरात कोणालाही विचारा. मीठ आणि आंबट एकत्र आलं की पातेल्याला बारीक भोकं पडतात. इथे पातेल्याच्या जागी पंख आहे.

म्हणून पहिलं काम कोरडं. मऊ ब्रश लावलेल्या, हेपा (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काजळी उचलायची, फडक्याने घासायची नाही. घासलं की ती रंगात मुरते. त्यानंतरच विमानासाठीचा सौम्य, उदासीन साबण आणि भरपूर पाणी, तेही हलक्या धारेने. प्रेशर वॉशर अजिबात नको : बिजागऱ्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर आणि काजळी आत, असा तो उलटा व्यवहार असतो. धुण्याचा सोडा आणि ब्लीचही नकोच. सोड्याने ॲल्युमिनियमचं भांडं काळं पडतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. धुऊन, वाळवून झालं की क्लोराइड तपासायच्या पट्ट्या लावून बघा आणि मगच गंजरोधक फवारा. जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर, तेही पावसाळ्यात, हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. धुळ्याला मे महिन्यात थोडी सवड मिळते, इतकंच.

आग विझवताना एबीसी पावडरचे (कोरड्या अग्निशामक पावडरचे) सिलिंडर फोडले असतील तर काम दुप्पट समजा. ती पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती ओल धरते आणि ओली झाली की ॲल्युमिनियम खाते. मला धुरापेक्षा हिचीच धास्ती जास्त, कारण ती पंखाच्या आत, रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या) भोकांतून पार टोकापर्यंत पोचते. इन्स्पेक्शन पॅनेल, म्हणजे आत डोकावायची झाकणं, सगळी उघडा. ‘दोनचार बघू, बाकी ठीकच असणार’ हे चालत नाही.

‘चालू करून बघू’ ही दुसरी मोठी चूक

मास्टर स्विच (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) लावू नका, बॅटरी काढून ठेवा. काजळीतून वीज वाहते, आणि रेडिओ थंड ठेवणारा पंखा ती थेट आत ओढतो. इंजिन तर मुळीच फिरवू नका. बंद इंजिनातही सहसा एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, त्यामुळे एक्झॉस्टमधून धूर सिलिंडरपर्यंत गेलेला असू शकतो. शिवाय इंजिन फिरलं की व्हॅक्यूम पंप केबिनमधली हवा जायरोच्या, म्हणजे आत भोवऱ्यासारखी चकती फिरणाऱ्या, उपकरणांतून फिल्टरमार्गे ओढू लागतो. तो फिल्टर बदलल्याशिवाय कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाला ती हवा पाजायची का? एअर फिल्टर, तेल, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र), इंधन टाकीच्या व्हेंट (हवेच्या वाटा), सगळं आधी तपासून घ्या.

पिटो ट्यूब आणि स्टॅटिक पोर्ट (वेग आणि उंची मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारी नळी आणि भोक) यांत कॉम्प्रेसरची हवा मारणारे उत्साही लोक मी पाहिलेत. नळी उपकरणापासून न सोडवता हवा मारली तर वेगदर्शकाच्या आतला नाजूक पडदा गेलाच म्हणून समजा. नळ्या सोडवा, साफ करा, परत जोडल्यावर गळती चाचणी घ्या.

कंट्रोल केबल (सुकाणू हलवणाऱ्या तारांचे दोर) सॉल्व्हंटने भिजवू नका, पिळातलं वंगण निघून जातं. कोरडं फडकं फिरवा. ते कुठे अडकलं तर तिथे तार तुटलेली आहे, हा फुकटचा फायदा.

समोरची काच म्हणजे ॲक्रिलिक. पेट्रोल, ॲसिटोन किंवा अमोनियाचा घरगुती ग्लास क्लीनर लावलात तर तिला केसांसारख्या चिरा जातात. पुष्कळ पाणी ओता आणि बोटातली अंगठी काढून हातानेच पुसा.

वासावर ओझोनचं यंत्र लावायचा सल्ला हमखास मिळतो. ओझोनने रबराला भेगा पडतात, आणि विमानात टायरपासून सीलपर्यंत रबर आहे. वास बहुधा आतल्या पॅनेलमागच्या काचलोकरीत आणि सीटच्या फोममध्ये मुरलेला असतो. ते बाहेर काढा. नवं कापड मात्र बाजारातलं चालणार नाही, ज्वलनचाचणीचं प्रमाणपत्र असलेलंच हवं.

रंगाला फोड आले असतील किंवा प्लास्टिकचे भाग वाकले असतील तर विषय धुलाईचा राहत नाही. उष्णतेने मिश्रधातूची ताकद उतरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पत्र्याचा कडकपणा आणि विद्युतवाहकता मोजून घ्या.

हँगरला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर राखेत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टस्टिनचं १९४२ सालचं लाकडी हँगर नोव्हेंबर २०२३ मध्ये जळालं, तेव्हा आसपासच्या वस्तीत पडलेल्या राखेत ॲस्बेस्टॉस सापडलं आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा झाडू मारू नका आणि नाकाला नुसता रुमाल बांधून आत शिरू नका.

हे सगळं सुरू करण्याआधी फोटो काढा आणि विम्याच्या सर्व्हेअरला विमान जसं आहे तसं दाखवा. चकचकीत धुतलेल्या विमानाचा दावा मांडणं अवघड जातं. काय उघडलं, काय बदललं ते लॉगबुकात लिहून परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही झाल्याशिवाय उड्डाण नाही.

एक बारकावा राहिला. रिव्हेटच्या डोक्यामागे काळी शेपटी दिसली की आम्ही त्याला ‘स्मोकिंग रिव्हेट’ म्हणतो, म्हणजे तो सैल झालाय. धुरात माखलेल्या विमानावर ही खूण झाकली जाते. त्यामुळे साफसफाईनंतर २५ तास उडून झालं की उन्हात उभं करून रिव्हेटची प्रत्येक ओळ पुन्हा बघा : काळी शेपटी असेल तर सैल रिव्हेट, पांढरी भुकटी असेल तर आम्ल अजून आत आहे.