दगडी कुऱ्हाडीचं मूळ शोधायचंय? आधी डाईक चालून बघा

प्रागैतिहासिक कुऱ्हाडींचा दगड कुठून आला हे शोधण्याच्या कामाकडे वळू पाहणारी मुलं भेटली, की पहिला प्रश्न हमखास एक्सआरएफ मशीनचा, म्हणजे क्ष-किरणांनी दगडातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा, असतो. मशीन लवकर हाताळता येतं. खडक ओळखायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि त्यासाठी कर्नाटकातल्या बल्लारीजवळच्या हिरेगुड्डा टेकडीसारखी दुसरी शाळा मला माहीत नाही.

संगनकल्लू-कुपगल परिसरातली ही टेकडी ग्रॅनाइटची. तिला चिरत डोलेराइट या बेसाल्टसारख्या दगडाची काळी डाईक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत, गेली आहे. नवाश्मयुगातल्या कारागिरांनी हाच काळा दगड फोडून कुऱ्हाडी घडवल्या. टवक्यांचे ढीग तिथे सापडले आहेत आणि ग्रॅनाइटवर कुऱ्हाडी घासून पडलेल्या पन्हळी हाताला जाणवतात. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात या भागाकडे लक्ष वेधलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून बी. सुब्बाराव यांनी संगनकल्लूला उत्खनन केलं.

तिथे गेल्यावर डाईक आडवी चालून बघा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कडेला शिलारस ग्रॅनाइटला टेकून लवकर थंड झाला, म्हणून कण बारीक. मधे सावकाश थंड झाला, म्हणून कण जाड. एकाच डाईकचे हे दोन तुकडे शेजारी ठेवले तर नवखा माणूस ते दोन गावचे म्हणेल. उलट दुसऱ्याच एखाद्या डाईकच्या कडेचा तुकडा इथल्या कडेसारखाच दिसू शकतो. म्हणून नमुने रुंदीभर घ्यायचे, आणि जिथे कुऱ्हाडी घडवल्याच्या काही खुणा नाहीत अशा आसपासच्या डाईकचेही घ्यायचे. हा दुसरा भाग बरेचजण टाळतात. तो टाळला तर तुलनेला काहीच उरत नाही.

थिन सेक्शन, म्हणजे खडकाचा पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकल्याशिवाय पुढे जाऊ नका. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या कापात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन या खनिजांची गुंफण दिसते, खडक किती बदलला आहे तेही कळतं. आपल्या महाराष्ट्रातल्या कामात याचा फार उपयोग आहे. प्रवरेकाठच्या नेवाशासारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. अशा कुऱ्हाडीचा दगड दख्खनच्या डाईकचा की दक्षिणेकडून आलेला, हा खरा प्रश्न. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बल्लारीकडच्या डाईक शंभर कोटी वर्षांहून जुन्या. एवढ्या काळात पायरॉक्सीनच्या जागी बऱ्याचदा अँफिबोल आणि क्लोराइट ही खनिजं आलेली असतात.

अडचण अशी, की संग्रहालयातली अखंड कुऱ्हाड कापायला सहसा परवानगी मिळत नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं. तिथे हातातलं एक्सआरएफ कामाला येतं, पण ते वरचा थरच वाचतं. झिजलेल्या पृष्ठभागावरून काही मूलद्रव्यं वाहून गेलेली असतात. झिर्कोनियम, नायोबियम, यिट्रियम त्यातल्या त्यात टिकून राहतात. सोडियम तर हातातलं यंत्र सहसा मोजूच शकत नाही. सपाट, स्वच्छ जागा निवडा आणि एकाच कुऱ्हाडीवर वेगवेगळ्या ठिकाणी मोजा.

आकडे जुळले की ‘मूळ सापडलं’ असं लिहायचा मोह आवरा. एका डाईकमधल्या फरकापेक्षा दोन डाईकमधला फरक मोठा आहे, हे आधी दाखवावं लागतं. तोवर एवढंच लिहा, की अमुक डाईक वगळता येतात, तमुक वगळता येत नाही. नदीपात्रातल्या गोट्यांचाही विचार हवा. कारागिराने दगड डोंगरावरूनच आणला असेल असं नाही.

परवानगीशिवाय प्राचीन स्थळावरून टवकाही उचलू नका. भूशास्त्रीय नमुना कार्यशाळेच्या जागेपासून दूर, उघड्या खडकाचा घ्या. त्याचा अर्धा भाग जागेच्या नोंदीसकट आपल्या विभागात ठेवा. कुपगलच्या टेकड्यांना दगडखाणींनी आधीच इजा केली आहे, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला तो नमुना तिथे पुन्हा मिळेलच असं नाही.