लिहिताना कानांवर काय पडावे

रत्नागिरीत घरून अनुवादाचे काम करताना भावगीते लावली, की माझे लक्ष हटकून त्यांच्या शब्दांकडे जात असे, कारण लिहिताना मनात शब्दांचीच जुळवाजुळव चालू असते आणि ओळखीच्या ओळी तिच्यात घुसतात. म्हणून गायन बंद करून मी वादनाकडे वळलो. पण तेथेही निवड करावी लागली. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीचा किंवा शिवकुमार शर्मा यांच्या संतूरचा तबल्याविना चालणारा संथ आलाप लेखनाला उत्तम साथ देतो, मात्र आलापापाठोपाठ येणारा लयबद्ध ‘जोड’ संपून ‘झाला’ हा जलद भाग सुरू होताच लय चढते आणि हात कळफलकावर थबकतात. त्यामुळे केवळ आलापांची वेगळी यादी केली. बिले तयार करण्यासारख्या कामांना द्रुत गतही, म्हणजे तबल्यासह वाजणारी जलद रचनाही चालते, किंबहुना बरी वाटते.

पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर सरी कोसळू लागल्या, की आलाप ऐकूच येत नाही आणि आवाज वाढवल्यास डोके दुखते. अशा वेळी इअरफोनवर अगदी हलक्या आवाजात नुसता तानपुरा लावतो. पंचम आणि षड्ज या स्वरांच्या त्या अखंड नादात पुढे काय येईल याची उत्सुकता नसते, हाच त्याचा गुण. दुपारी भीमपलासी आणि संध्याकाळी यमन राग ऐकावा हा समयाचा संकेतही मी पाळतो, पण तो आवडीपोटी. कामावर त्याचा परिणाम मला जाणवलेला नाही.