ट्रेझरीत करिअर करायचंय? मग या चुका टाळा

ट्रेझरीत, म्हणजे कंपनीचा रोजचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात, नव्यानं आलेल्या मुलांना डॉलर कुठे जाईल यावर बोलायला फार आवडतं. आज संध्याकाळी कंपनीच्या सगळ्या खात्यांत मिळून वापरता येतील असे किती पैसे असतील, हे विचारलं की मात्र सगळे गप्प.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. येणारे पैसे आणि आलेले पैसे यांत फरक न करणं. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, एक्सेलमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. परदेशी ग्राहकाची मोठी रक्कम गुरुवारी येणार होती. त्यानं ती गुरुवारच्या रकान्यात टाकली आणि त्या दिवशीचे पगार आणि कर्जाचं व्याज तिच्यावर बेतलं. बाजारात तुरी! ज्या चलनात पैसे यायचे, त्या देशात गुरुवारी बँकांना सुट्टी होती. व्हॅल्यू डेट, म्हणजे पैसे खरोखर वापरता येतील तो दिवस, पडली शुक्रवारची. मंजूर कर्जातून उचल करायची तर बँकेला दोन दिवस आधी नोटीस द्यावी लागायची, तीही वेळ गेलेली. अखेर दुसऱ्या बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर चढ्या व्याजानं भागवलं. बँकेच्या कट-ऑफला, म्हणजे त्या दिवशीची पेमेंट घेण्याच्या शेवटच्या वेळेला, वीस मिनिटं उरली असताना पगार सुटले. पैशांच्या त्या अंदाजावर (फोरकास्टवर) सही माझीही होती, तेव्हा एकट्या त्याला काय बोलणार?

तेव्हापासून मी सकाळी मेल उघडायच्या आधी वहीत तीन आकडे लिहिते: आज हातात किती, व्हॅल्यू डेटनुसार येणार किती, जाणार किती. चलनांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर चिकटवलेलं असतं. शुक्रवारी अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत कारणासकट लिहायची. वसुलीच्या तारखांसाठी सेल्सवाल्यांना फोन करायचा, कारण त्यांच्या शीटमधली तारीख ही बहुधा त्यांची इच्छा असते. हे कंटाळवाणं आहे, हे मान्य. सहा महिन्यांत कंटाळणाऱ्यांनी दुसरा विभाग बघावा.

दुसरी चूक, हेजिंगमधून, म्हणजे दरांच्या चढउतारापासून बचाव करणाऱ्या सौद्यांतून, कमाई करायला जाणं. रुपया असो की युरो, पुढे मिळणाऱ्या रकमेचा दर आज बांधून घेणं एवढंच आपलं काम. "थोडं थांबू, दर सुधारेल" म्हटलं की तो सट्टा झाला. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपनीनं व्याजदरांवरचे गुंतागुंतीचे स्वॅप (व्याजाच्या अदलाबदलीचे करार) घेतले, 1994 साली व्याजदर उलटे फिरले आणि करपूर्व 15.7 कोटी डॉलरचा फटका जाहीर करावा लागला. जो सौदा संचालकांना साध्या भाषेत समजावता येत नाही, तो मी करत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळा पैसा एकाच बँकेत नको. 10 मार्च 2023 ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली तेव्हा ठेवींवर विम्याचं संरक्षण खातेदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंतच होतं. सरकारनं सगळ्या ठेवींची हमी रविवारी दिली, पण तोवर अनेक कंपन्यांना सोमवारचे पगार कसे द्यायचे हेच कळत नव्हतं.

ट्रेझरीच्या परीक्षा जरूर द्या, पण बँकेचं फी-स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचता येत नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच शोभेल.

मेकर-चेकरचा (एकानं पेमेंट भरायचं, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं) पासवर्ड "फक्त आजच्यापुरता" कुणालाही देऊ नका, साहेबांनाही नाही. आणि पुरवठादाराचं खातं बदलल्याची मेल आली, तर मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. पेमेंट कितीही तातडीचं असलं तरी. तातडीचं असलं तर फोन दोनदा करा.